दाखल्यावरचा हात

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शाळेत दाखला घ्यायचा म्हणजे आधी बाबूजींची कविता ऐकायची. शिक्का मारून झाला की हे आमचे कारकून कागदावर तळहात ठेवत. "थांबा न सर, आयकून तं जा. आजच जमली." मग मांडीवर बोटांनी मात्रा मोजत म्हणून दाखवत. आम्ही मास्तर मंडळी शेवटचं कडवं यायच्या आतच "वा, बाबूजी" म्हणून कागद ओढून घ्यायचो. ते हसत आणि हात उचलत.

गावात कोणी गेलं की श्रद्धांजलीची कविता त्यांचीच. सांगावं लागत नसे.

गेल्या महिन्यात बाबूजीच गेले. शोकसभेच्या सकाळी लक्षात आलं, त्यांच्यावर लिहिणारं कोणीच नाही. मराठी शिकवतो मी, मलाही जमेना. शेवटी आमच्या जुन्या शिपायावर त्यांनी केलेली कविता कपाटातून काढली, शिपायाच्या नावाच्या जागी बाबूजींचं नाव घातलं आणि सभेत वाचायला उभा राहिलो.

त्यांच्या पत्नी पुढेच बसल्या होत्या. त्यांचे ओठ माझ्या एक ओळ पुढे चालले होते. नाव आलं तिथे ते थांबले, त्यांनी मान खाली घातली आणि पुन्हा ओठ हलू लागले. मला मधेच थांबता येईना.

निघताना त्या जवळ आल्या.

"बरं वाचलं सर तुम्ही. हे नेहमी म्हणत, सर शेवटच्या कडव्यापर्यंत थांबतच नाहीत. आज थांबले."