दूध तेवढं राहिलं

आकाराम पैलवानांच्या पोटानं अडुसष्टाव्या वर्षी दगा दिला. जरा कुठं बसले की मुरडा, पोट फुगून टम्म. डॉक्टरांचे रिपोर्ट मात्र सगळे चांगले. पैलवान चिडले. “माझं पोट हाय, मीच बघतो!” म्हणत त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर ओढलं. एका वेळी एकच पदार्थ पंधरा दिवस बंद ठेवायचा आणि मुरडा आला की त्या तारखेवर फुली मारायची.

मटण बंद केलं, फुल्या तशाच. मिसळ सोडली, चहा सोडला, घरची चटणीसुद्धा सोडली. आता चटणी सोडलेल्या कोल्हापूरकराचे काय हाल होत असतील, बघा! बायको शालूबाईंना वाटलं, ह्यांनी संन्यासच घेतला.

“आबा, दूध राहिलं की,” नात संयोगिता म्हणाली.

“खुळी हायस काय? दुधानं कुणाला काय हुतंय व्हय?”

पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. दूध म्हणजे गंगावेशीतला कट्टा. तालीम सुटली की घामेजल्या अंगानं सगळी पोरं तिथं जायची. त्यांच्याच वयाचा गैबी समोर म्हैस पिळायचा आणि फेसाळता गलास हातात द्यायचा. त्या पोरांतली निम्मी आता फोटोत गेली. कुस्ती सुटली, संध्याकाळचा गलास तेवढा पन्नास वर्षं टिकला.

शेवटी “मलकापूरला लेकीकडं चाललोय,” अशी थाप गैबीला मारून त्यांनी दूध बंद केलं. पंधरा दिवसांत एक फुली नाही. खात्री करायला सोळाव्या दिवशी घरीच गलासभर प्यायले, आणि तासाभरात मुरडा! प्रयोग फत्ते झाला आणि पैलवान लहान पोरासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी ते कट्ट्यावर गेले. गैबीनं सवयीनं गलास पुढं केला.

“गैबी, मला दूध सोसत न्हाय रं. आता येणं जमायचं न्हाय.”

गैबीनं गलास खाली ठेवला. “तुझी थाप मला तवाच कळली. वहिनी बाजारात भेटल्या हुत्या, तू घरीच हाईस म्हणाल्या. म्हटलं, माझंच काय चुकलं?” त्याचा आवाज चढला. “पन्नास वर्षं दुधासाठी येत हुतास व्हय रं?”

पैलवान मान खाली घालून तिथंच बसले. गैबीनं तो गलास दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिला आणि म्हशीकडं वळला.

“उद्या सांच्याला येळंवर ये,” तो पाठमोराच म्हणाला, “म्हस पिळताना रेडकू धरायला माणूस न्हाय माझ्याकडं.”