पादरा-बडोदा बसमधला पदर

बडोद्याच्या वाडी भागातल्या आमच्या शेजारणीला जवळच्या पादरा गावी एसटीडी बूथवर नोकरी होती. मी तिथल्या शाळेत शिकवायची, त्यामुळे आमची बस एकच. तिच्या वाक्याच्या शेवटी गुजराती 'ने' ठरलेलं. "ताई, गर्दी आहे ने?" परतताना तिला घाई असायची, कारण अंथरुणाला खिळलेले वडील फक्त तिच्याच हातचं जेवायचे. पोरीचं लग्न राहिलं म्हणून हळहळायचेही.

एकदा शाळा सुटल्यावर एका विद्यार्थिनीकडे गेले आणि दारातच थिजले. शेजारच्या ओट्यावर हीच बसली होती. पदर गुजराती पद्धतीने उजव्या खांद्यावरून पुढे, भांगात शेंदूर. आतून सासूने हाक मारली, "वहु!"

संध्याकाळी बसमध्ये ती माझ्याशेजारीच येऊन बसली. पदर पुन्हा आपल्यासारखा, डाव्या खांद्यावर.

"बूथ ह्यांचाच आहे, ताई. बाबांना कळलं तर माझ्या हातचं खाणार नाहीत ने."

बडोदं जवळ आलं तशी तिने रुमालाने भांग पुसला आणि डोकं माझ्यापुढे वाकवलं.

"दिसतंय अजून?"

दिसत होतं. मी माझ्या पदराचं टोक ओलं केलं. नवरा धडधाकट असलेल्या बाईचा शेंदूर मी पुसत होते. जेमतेम टोक टेकवत होते.

"जरा जोरात पुसा ने, ताई," ती म्हणाली.