मोजून रागावणारे को अंकल

ज्याच्यावर तुमचा मनापासून राग आहे, त्याच्या बाजूने तुम्ही कधी खरं बोलला आहात का? मी बोलले नव्हते. को अंकलनी ते माझ्याकडून करून घेतलं.

परदेशात जहाजदुरुस्तीच्या यार्डात सुरक्षा विभागात मी लागले, तेव्हा तिथलेच हे चिनी वंशाचे अंकल पासष्टीच्या पुढे होते. दर वर्षी नव्या करारावर काम करायचे. कँटीनमध्ये बिनदुधाची कोपी, म्हणजे तिथली कॉफी, समोर ठेवून अपघातांचे अहवाल वाचायचे आणि प्रत्येक 'बिकॉज'भोवती पेन्सिलीने गोल काढायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "लोक इथेच खोटं बोलतात, गर्ल. बाकीचं नीट लिहितात."

तरुणपणी ते चिनी तत्त्वज्ञान शिकले आणि पोटासाठी यार्डात आले. चिनी तत्त्वज्ञान म्हणजे थोरांपुढे वाकणं, एवढीच माझी समजूत. त्यांनी मला मोहिस्टांबद्दल सांगितलं. दोन हजार वर्षांहून जुना पंथ, कारागिरांच्या जवळचा. सुतार लाकडाला काटकोन तपासायचा गुण्या लावतो, तसे हे लोक विधानाला कसोट्या लावत. असं पूर्वी घडलंय का? साध्या लोकांनी डोळ्यांनी काय पाहिलं? आणि हे खरं धरून चाललं तर सगळ्यांचं भलं होईल का? सगळ्यांचं, नुसतं आपल्या माणसांचं नव्हे, हे अंकल दर वेळी जोडायचे. बारीक भोकातून आलेल्या उजेडात माणूस समोरच्या भिंतीवर उलटा का दिसतो, याचाही त्या लोकांनी विचार केला होता. हे सगळं ते कालच्या शिफ्टबद्दल बोलावं तशा दमलेल्या आवाजात सांगायचे.

मग मुरुगन पडला. तमिळ वेल्डर, डेकवरच्या उघड्या झाकणातून खालच्या टाकीत. मांडीचं हाड मोडलं. दुसऱ्याच दिवशी अहवाल तयार होता. कारण: कामगाराचा निष्काळजीपणा. त्यावर आमच्या सह्या झाल्या की त्याचा कामाचा परवाना रद्द आणि कुबड्यांसकट घरी रवानगी.

माझं लहानपण पुण्यात बाबांबरोबर कामगार संघटनेची पत्रकं वाटण्यात गेलं. वुडलँड्स भागातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत बसून मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. मुरुगनचा सुपरवायझर चौहान हाच गुन्हेगार. हा चौहान कामगारांना आईवरून शिव्या द्यायचा. माझं त्याच्याशी दोनदा भांडण झालं होतं. अंकलनी पत्रक वाचलं आणि माझ्याही 'बिकॉज'भोवती गोल काढला.

"अँग्री कॅन," ते म्हणाले. "मेजर फर्स्ट." रागव, चालेल, पण आधी माप घे.

तुम्ही कंपनीचे आहात, असं मी त्यांना सुनावलं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, मुरुगनला भेटलीस का? मी भेटले नव्हते. कामगारांसाठी पेटून उठलेल्या मला त्या कामगाराचा वॉर्डसुद्धा माहीत नव्हता.

आम्ही इस्पितळात गेलो. मुरुगनने सांगितलं की टाकीत हवा जावी म्हणून झाकण काढलं होतं. सकाळी भोवती कठडा होता, दुपारी तो दुसऱ्या जहाजावर नेला. परत येऊन डेकवर चौकशी केली, तर आदल्याच आठवड्यात तिथेच, कठडा नसताना, दोघांचे पाय घसरले होते, ते पडता पडता वाचले होते. शेवटी भांडाराच्या फायलीत दोन पत्रं सापडली. कठडे कमी पडतात, त्वरित द्या. खाली सही चौहानची. उत्तर एकालाही नाही.

ती पत्रं जोडायला नकोत, असं मला वाटलं, आणि मी ते बोलूनही दाखवलं. वाईट माणूस आहे तो, म्हटलं.

"वाईट आहे, ला," अंकल तिथल्या लकबीने म्हणाले. "पण ही दोन पत्रं त्यानेच लिहिली. तू लिहिलीस? मी लिहिली?"

मग त्यांनी मला समोर बसवून विचारलं, जे नसतं तर हे घडलंच नसतं, असं काय होतं? कठडा नसताना सावध माणसाचाही पाय घसरला होता. कठडा असता तर बेसावध माणूसही वाचला असता. तेवढंच आम्ही लिहिलं, पत्रं जोडली, सह्या केल्या. मॅनेजरने पत्रं काढायला सांगितली. अंकल नाही म्हणाले, आवाज न चढवता.

अहवालातलं कारण बदललं. मुरुगनवर उपचार पूर्ण झाले. पुढे तो आपणहून गावी गेला, लंगडत. कठडे का घेतले नव्हते, ते कोणी विचारलं नाही. चौहानच्या शिव्या चालूच राहिल्या. अंकलचा करार मात्र पुढे वाढला नाही. वयाचं कारण दिलं. एवढं करून काय मिळालं, असं मी त्यांना शेवटच्या दिवशी विचारलं. "टायर्ड, ला," म्हणाले. मग म्हणाले, "मुरुगनच्या नावापुढचं ते वाक्य गेलं. तेवढं तरी गेलं."

या वर्षी ते गेले. सेंगकांगला त्यांच्या इमारतीच्या खालच्या मोकळ्या मजल्यावर, रिवाजाप्रमाणे, शवपेटी ठेवली होती. यार्डातून दोघंच आलो होतो, मी आणि चौहान. तो मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होता. मी जाऊन त्याच्या शेजारी बसले. 

तुमच्याही टेबलावर कधीतरी असा कागद येईल. त्यात चूक एकाच माणसाची ठरवलेली असेल, तो सगळ्यांत खालचा असेल आणि सही तुमची हवी असेल. तेव्हा कृपा करून पेन खाली ठेवा आणि आधी त्या माणसाला जाऊन भेटा.