पाळण्याची पहिली दोरी

रेवसच्या अलीकडे आमचं गाव. इथल्या उपकेंद्रात नीराबाई एकतीस वर्षं आरोग्यसेविका होत्या. माझ्या शाळेतली निम्मी मुलं त्यांच्या हातावर जन्मलेली. त्या निवृत्त झाल्या तरी बारशाला पाळण्याची पहिली दोरी त्यांच्याच हातात द्यायची, हा गावाचा शिरस्ता. प्रत्येक बाळाला त्या स्वतः शिवलेलं झबलं देत. पाठीला गाठ रुतू नये म्हणून बंद कुशीला.

गेल्या उन्हाळ्यात कमळ त्यांच्याकडे आली. दोन मुलं, नवरा ट्रकवर, आणि तिसऱ्यांदा दिवस गेलेले. तिला ते मूल नको होतं.

"माझ्यासंगती चला, मावशी. एकटीला भ्या वाटतं."

दोन दिवस विचार कर, नीराबाई म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी दोघी एसटीने तालुक्याच्या दवाखान्यात गेल्या आणि कमळचा गर्भपात करवून परत आल्या. पुढे कमळनेच घरी सांगितलं, आणि गावभर झालं.

शेजारची गोदू, चाळीस वर्षांची मैत्रीण. तिने नीराबाईंना ओटीवरच गाठलं.

"ज्या हातांनी एवढी पोरं काढलीस, त्याच हातांनी नेलंस तिला?"

"व्हय."

"देवाधर्माचं न्हाय बोलत मी. ज्याला तोंड न्हाय, त्याच्या वतीनं कोणी बोलायचं ग?"

"आणि जिला तोंड हाय तिचं कोणी ऐकायचं? वाढवायचं तिनं, निस्तरायचं तिनं. मग हो-नाही आपण कोण सांगणार?"

"चुकलं म्हण, बास. आठ दिवसांनी नातीचं बारसं हाय. तुझ्याबिगर कशी घालू पाळण्यात?"

नीराबाई तसं म्हणाल्या नाहीत. मला मात्र सांगितलं, "गुरुजी, गोदूचा प्रश्न खोटा नाही. मलाही त्याचं पुरतं उत्तर येत नाही. पण कमळला एकटीला पाठवणं हे उत्तर नव्हे, एवढं कळतं."

बारशाला पहिली दोरी बाळाच्या आत्याने ओढली. भिंतीपलीकडे नीराबाईंना पाळणा ऐकू येत असणार.

संध्याकाळी गोदू घुगऱ्यांची वाटी घेऊन नीराबाईंकडे गेली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"खा. मीठ कमी पडलंय."

वाटी रिकामी परत द्यायची नसते. नीराबाईंनी तिच्यात झबलं घडी करून ठेवलं. गोदूने बंद कुशीला आहेत का ते बोटाने चाचपलं आणि पदराखाली धरून नेलं.

त्यानंतर गावात तीन बारशी झाली. घुगऱ्यांची वाटी दर वेळी येते, बोलावणं येत नाही. नीराबाई पुढच्या बाळाचं झबलं शिवतायत.