कारण मोठ्यानं सांग

"काय होऊन राह्यलं? मोठ्यानं सांग की."

शेठ खुर्चीतून म्हणाले. केबिनचं दार सताड उघडं. माझ्यामागे ड्रायव्हर लोक, स्टोअरचे मामा. जालन्यातल्या आमच्या बियाणे कंपनीत सुट्टी अशीच मागायची. चप्पल बाहेर, कारण तोंडी.

"पोट दुखतंय, शेठ."

"पोट? का ते बायकांचं?"

मामा खोकल्यासारखे हसले. मी होकारार्थी मान हलवली. सुट्टी मिळाली. माझं गाव बदनापूर येईपर्यंत रेल्वेत मी खिडकीकडे तोंड करून बसले.

शेठची पुतणी पुण्याहून येऊन कंपनीत लागली होती. तिला सगळे मॅडम म्हणत. मीही इंग्रजी शाळेत शिकले. पण माझं इंग्रजी ओठांशी येऊन थांबतं, तिचं पाय पसरून बसतं. जळायचे मी तिच्यावर. तिच्या महागड्या बॅगेवर नाही. "मी उद्या नाहीये हं, काका," म्हणत ती निघून जायची, त्यावर. का, असं कुणी विचारत नसे.

हजेरी, सुट्टी, पगार सगळं मोबाइलवर घेऊ, हे शेठना मीच सुचवलं होतं. चाचरत. "मंग माझ्याकडं येईल कोण?" ते हसले.

पुढे समोरच्या कंपनीनं तेच घेतलं. तिथले शेठ एका लग्नात फोनवर आपल्या माणसांची हजेरी दाखवत फिरले. दुसऱ्या दिवशी आमचे शेठ म्हणाले, "आपल्याला जल्दी पाहिजे. त्याच्यापेक्षा भारी." आमची सोय, कामाची शिस्त, कशानंच ते हलले नव्हते. जळण्यानं हलले. मला ते लगेच ओळखू आलं.

मीटिंगमध्ये माझी योजना मॅडमनी मांडली. टाळ्या. मला चहा आणायला पाठवलं. परतले तर पडद्यावर मोबाइलवरच्या सुट्टीच्या अर्जाचं पान.

"कारण टाकल्याबिगर अर्ज पुढं जायचा न्हाई," शेठ म्हणाले. "अन् ते सगळ्यांना दिसलं पाहिजे."

"शुअर, काका."

"लोकांना ही शिकवंल." बोट माझ्याकडे.

मी ट्रे ठेवला.

"कारणाची सक्ती असेल तर नाही शिकवणार. मॅडम सांगतात का कारण?"

मॅडमनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"पोरी, नोकरी करायची का न्हाई?"

"करायची, शेठ. शिकवणार नाही."

सक्ती राहिलीच. पुढच्या वेळी पोट दुखलं तेव्हा मी मोबाइलवर सुट्टी टाकली. कारणाच्या जागी लिहिलं : सांगणार नाही. शेठचा फोन आला.

"कारण काय?"

"सांगणार नाही."

या वेळी मोठ्यानं. दर वेळी हेच लिहीन. सगळ्यांना दिसू दे.