जीपचे मोठे दिवे

गाडीला जास्त उजेडाचे दिवे बसवून घेण्यात अर्थ आहे का, असं मला कोणी विचारलं तर मी उलट विचारते, चालवणाऱ्याला रात्री दिसतं का? लोकांना वाटतं म्हातारी तिरकस बोलते. बोलतेच. माझ्या नवऱ्याला दिवस मावळला की दिसत नसे, आणि लग्नानंतरची पाच वर्षं मी त्याचा दोष जीपच्या दिव्यांना देत होते.

सासर एरंडोलजवळच्या एका खेड्यात. घरी केळी, कापूस, विहिरीवर इंजिन आणि लष्कराच्या लिलावातून घेतलेली एक जीप. आसपासच्या चार गावांत दुसरी मोटार नव्हती. मी धुळ्याची, कोर्टातल्या कारकुनाची मुलगी, मॅट्रिक झालेली. आई मी लहान असतानाच गेली. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनीच, मला आणि माझ्या भावाला वाढवलं. मुलीला जीपवालं घर मिळालं म्हणून त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. मला पाहायला आलेली मंडळी सकाळी नऊला आली आणि ऊन कलायच्या आत निघूनही गेली. रात्री मुक्काम करा, असा नानांनी फार आग्रह केला. पण शेतीची कामं खोळंबलीत, असं आबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले. आम्हाला त्याचंही कौतुक वाटलं. किती कष्टाळू माणसं!

जीपचे मूळचे दिवे खरोखरच वाईट होते, ते मी नाकारत नाही. पिवळट उजेड पडायचा आणि खड्डा चाकाखाली आल्यावरच कळायचा. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ह्यांनी जळगावच्या एका मिस्त्रीकडून जास्त ताकदीचे बल्ब बसवून घेतले. पंधरा दिवसांत वायरींवरचं रबर वितळून गाडीभर जळका वास सुटला. मग जाड वायरी आल्या, नवी बॅटरी आली. तरी समाधान होईना. पुढे मुंबईहून दोन वेगळे दिवे मागवले, भाकरीच्या तव्याएवढे, आणि ते पुढच्या बंपरवर बसवले. त्यांच्या काचा पुसायला माझ्या जुन्या पातळाचा मऊ तुकडा ठेवलेला असे. नवे दिवे बसले की जीप अंगणात उभी करायची, इंजिन चालू करायचं आणि समोरच्या भिंतीवर झोत टाकायचा. गाव गोळा व्हायचं. म्हातारी माणसं वा वा करायची. मीही दारात उभी राहून मिरवायचे. आणि दुसऱ्या दिवशी हे पुन्हा दिवेलागणीच्या आत घरी हजर. का, तर "ह्या दिव्यांतही काही दम नाही."

घरातसुद्धा हे हातातली बॅटरी खाली ठेवत नसत. माजघरातून परसात जाताना एक हात भिंतीला. एकदा अंगणात बसलेल्या वासरावरच पाय पडला आणि हे तोंडावर आपटले. सासूबाई रात्री ह्यांचं ताट रोज त्याच जागी, कंदिलाच्या अगदी पुढ्यात मांडायच्या. मला वाटायचं, लाडावलेला लेक आहे, आईनं लाडानं वाया घालवला. एकाहत्तरच्या युद्धात मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगानं रंगवायचा हुकूम निघाला. एरंडोलचे मोटारवाले कुरकुरत होते, ह्यांनी मात्र स्वतः ब्रश घेऊन आनंदानं रंग दिला. संध्याकाळी घरी बसायला सरकारी कारण मिळालं होतं. ते कळायची अक्कल मला तेव्हा नव्हती.

लढाई संपली, रंग खरवडला आणि ह्यांनी आणखी मोठे दिवे आणले. ते दाखवायला आम्ही भर दुपारी धुळ्याला गेलो. नानांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, दिव्यावर टिचकी वाजवली आणि हसत म्हणाले, "जावईबापू, एवढे मोठे दिवे कशाला? तुम्ही तर उन्हात येता नि उन्हातच जाता."

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. मला नानांचा असा राग आला की आत गेल्यावर मी त्यांना सुनावलं, "जन्मभर सायकल दामटलीत, मोटारीतलं तुम्हाला काय कळतंय?" पोटच्या पोरीनं नवऱ्यासाठी बापाला तोडून बोलावं, हे त्यांना रीतीचंच वाटलं असेल.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांत, वैशाखात, भावाची तार आली. नाना अत्यवस्थ, लगेच निघा. पोस्टमन एरंडोलहून सायकलवर तार घेऊन आला तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. शेवटची एसटी गेलेली. रेल्वेनं चाळीसगावला गाडी बदलून जायचं तर सकाळच व्हायची. धुळं मोटारीनं फार तर दोन तासांवर. मी एका पिशवीत दोन लुगडी कोंबली आणि ओट्यावर येऊन उभी राहिले.

सासूबाई म्हणाल्या, "सकायले जा माय, रातले नको."

हे म्हणाले, "दिव्यांची एक वायर तपासायची आहे. पहाटे निघू."

माझं डोकंच फिरलं. "दोन-तीन महिन्यांपूर्वीच नवे बसवलेत ना? मग ते दिवे काय ओवाळायला आणले? माझा बाप तिकडे शेवटच्या घटका मोजतोय."

ओट्यावर तेव्हा पाच माणसं होती. आबा, सासूबाई, मोठे दीर, जाऊबाई आणि हे. पाचही जणांना खरं काय ते माहीत होतं. आमच्या मळ्यावरच्या गड्याला जीप चालवता येत होती, दिवसा केळीचे घड तोच पोचवायचा. त्याला बोलवा, ह्याला रात्री दिसत नाही, एवढी दोन वाक्यं कोणीही बोललं असतं तरी मी नऊ वाजता नानांच्या उशाशी असते. पण सुनेसमोर मुलाची लाज जाणार होती. झाकली मूठ सव्वा लाखाची! आबा उठून आत गेले. हे चावी घेऊन निघाले. मी टोचून बोलले म्हणून निघाले, हेही खरंच.

उजेड होता तोवर गाडी छान पळाली. पारोळ्याच्या अलीकडे काळोख पडला आणि ह्यांनी वेग कमी करत करत बैलगाडीवर आणला. डावी चाकं सारखी रस्त्याखाली उतरत होती. समोरून एक ट्रक आला, तशी ह्यांनी मान फिरवली, करकचून ब्रेक लावला आणि गाडी एका बाभळीखाली उभी केली.

"दिवे नीट पडत नाहीत," हे म्हणाले. "वायर ढिली झालीय."

दिवे लख्ख पडले होते. झोत दूरवर गेला होता. त्यात रस्त्यावरचा खडा न् खडा दिसत होता. कडेच्या दगडावरचं 'धुळे ४१' मी बसल्या जागेवरून वाचलं आणि ह्यांना वाचूनही दाखवलं.

"तुला गाडीतलं काय कळतं?" असं म्हणून हे खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात पाना घेऊन उगाच काहीतरी चाचपत राहिले. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी शाळेत घोकली होती. तिचा अर्थ मला त्या रस्त्यावर कळला.

थोड्या वेळानं एक ट्रक थांबला. सुरतेकडे निघालेला. ड्रायव्हर वयस्कर होता. त्यानं काय बिघडलं ते विचारलं, ह्यांनी दिव्यांकडे बोट दाखवलं. तो दिव्यांसमोर जाऊन उभा राहिला, डोळ्यांवर आडवा हात धरून हसला. "सेठ, लाइट तो एक नंबर है।"

मी जीपमधूनच त्याला सांगितलं की माझे वडील मरायला टेकलेत आणि मला धुळ्याला पोचायचं आहे. तो लगेच म्हणाला, "तो आप दोनों बैठ जाओ, बहनजी। एक घंटे में धुलिया छोड़ देता हूँ।"

मी एक पाय खाली टाकला होता.

"आमच्या घरच्या बायका ट्रकात बसत नाहीत," हे म्हणाले. "पाच मिनिटांत दुरुस्त होतंय."

मी पाय वर घेतला. ह्याचं मला आजही नवल वाटतं आणि स्वतःची चीडही येते. ह्यांच्या खोटेपणाला मी पुष्कळ नावं ठेवली, पण माझा पाय कोणी धरून ठेवला नव्हता. नवऱ्याचा शब्द परक्या माणसासमोर खाली पडू द्यायचा नाही, एवढंच मला शिकवलं होतं आणि मी ते नेमक्या नको त्या वेळी पाळलं. ड्रायव्हरनं दोघांकडे एकदा पाहिलं आणि ट्रक निघून गेला.

मग बॉनेट लावताना ह्यांच्या हातातली बॅटरी पडली आणि विझली. ती शोधायला वळले ते थेट कडेच्या चरात. मी धावत जाऊन हात दिला. गुडघे फुटले होते, तळहात घामानं ओला होता आणि हे लहान मुलासारखे माझ्या हाताला धरून, पाय चाचपत वर आले.

"तुम्हाला दिसत नाही का?" मी विचारलं.

"डोळ्यांत धूळ गेली."

त्या वेळीसुद्धा खरं सांगता आलं असतं. मागून आणखी ट्रक येत होते. मी काय, तिथल्या तिथे भांडले असते, रडले असते आणि हाताला धरून ह्यांना दुसऱ्या ट्रकात बसवलं असतं. माणसाला दिसत नाही हा काही त्याचा गुन्हा नव्हे. पण हे जाऊन सीटवर बसले आणि स्टिअरिंगला धरून राहिले. इंजिन बंद आणि दिवे चालू, त्यामुळे तासाभरात गाडीची बॅटरी उतरली. ते एवढे महागाचे दिवे आधी लाल झाले, मग गेले. उरलेली रात्र आम्ही दोघांनी त्या बाभळीखाली काढली.

तांबडं फुटल्यावर शेतावर निघालेल्या दोन माणसांनी जीपला धक्का दिला. दिवसाउजेडी हे अशी गाडी हाणत होते की मला दांडी घट्ट धरून बसावं लागलं. धुळ्याला पोचलो तेव्हा दारात बांबू येऊन पडले होते. नाना अडीच वाजता गेले होते. भाऊ म्हणाला, "दोनदा विचारलं, अक्का आली का म्हणून. नंतर नाही विचारलं."

पाचव्या दिवशी सासूबाई भेटायला आल्या. मागच्या खोलीत त्या नि मी दोघीच होतो. मी विचारलं, जीप का थांबवली असेल हो ह्यांनी? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"तुले माहीत नव्हतं? लहानपनपासून त्याले रातले दिसत नही. गावमा बठ्ठासले माहीत शे."

गावात सगळ्यांना माहीत होतं, मी सोडून. जळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं इलाज नाही म्हणून सांगितलं होतं. खरं सांगितल्यामुळे आधीच्या दोन सोयरिकी मोडल्या होत्या, म्हणून तिसऱ्या वेळी, म्हणजे माझ्या वेळी, कोणी काही सांगितलं नाही. लग्नानंतर लेक सांगेल असं सासूबाईंना वाटलं आणि आई सांगेल असं लेकाला. मधल्या मधे मिस्त्रीचं भलं झालं. मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं, पण बाहेर ओसरीवर माणसं बसली होती.

तेरावं झालं आणि मी सासरी परत आले. जीप अंगणात उभी होती आणि तिच्या टपाच्या दांडीवर आणखी दोन नवे दिवे बसवलेले होते, परातीएवढे. हे फडक्यानं काचा पुसत होते. मला पाहून चेहरा खुलला.

"बघ," हे म्हणाले, "आता रात्री-अपरात्री केव्हाही सांग, तुला धुळ्याला नेतो."

"कोणाला भेटायला?" मी विचारलं.

हे काच पुसत राहिले.