घोट्याची पकड

"उठ गो, उठ! झोपायला आलीस का काय? बघतायत ते! उठ!"

ओरडणारा मी. माझ्या आवाजाची ख्याती अशी, की महाडच्या मैदानात मी नुसता खाकरलो तरी वीर स्टेशनावरचे रिक्षावाले गाडी आली समजून रिक्षा चालू करतात. त्या दिवशी तर बेंबीच्या देठापासून ओरडत होतो. मैदानाच्या मधोमध माझी सगळ्यात चांगली खेळाडू तोंडावर पडली होती, उजवा हात अंगाखाली, आणि हलत नव्हती. कडेला ताडपत्रीच्या सावलीत, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर, मुंबईहून आलेले निवड समितीचे दोघे बसले होते. भारताच्या रग्बी शिबिरासाठी मुली निवडायला आले होते ते. त्यांतल्या एकानं पेन खाली ठेवलेलं मला दिसलं. म्हणून मी ओरडलो. ती पडली म्हणून नव्हे, पेन खाली गेलं म्हणून. पेनाची ही एवढी गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, आणि माझ्याजवळ न सांगितलेली गोष्ट असते यावर माझ्या बायकोचाही विश्वास बसणार नाही.

ती उठली. आधी गुडघ्यावर, मग डाव्या हाताच्या आधारानं. उजवा हात तिनं ओला असल्यासारखा दोनदा झटकला. पंच माझाच जुना चेला. त्यानं तिच्याकडं न बघता माझ्याकडं बघितलं. मी अंगठा वर केला. शिट्टी झाली, खेळ सुरू झाला आणि ताडपत्रीखालचं पेन पुन्हा उचललं गेलं.

आता मी कोण आणि ती कोण, ते सांगतो.

मी पोलादपूरच्या वरच्या अंगाचा, घाटाखालच्या एका वाडीतला. आमच्याकडं भात कापून झालं की रिकाम्या खाचरात कबड्डी. ढेकळं अशी कडक, की त्यांच्यावर पडलेला गडी पुढची लावणी येईपर्यंत सरळ बसत नसे. त्या खाचरात माझा आणि माझ्या एका दोस्ताचा दरारा होता. मी कोपऱ्यात, तो माझ्या शेजारी. चढाईला आलेल्याचा पाय पुढं आला रे आला की मी जमिनीलगत झेप घेऊन त्याचा घोटा धरायचो आणि दोस्त वरून पडायचा. एकदा माझ्या हातात घोटा आला की तो परत मिळवायला ग्रामपंचायतीत अर्ज करावा लागतो, असं लोक म्हणत. लोक म्हणजे मी.

पुढं मुंबईला नोकरी लागली, तिथल्या कबड्डी संघात शिरलो. आम्ही सराव करायचो त्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला काही धटिंगण लंबगोल चेंडू काखेत मारून पळत आणि बाकीचे त्यांना धरून आडवं करत. मला वाटलं, ही तर कबड्डीच, फक्त श्वास घ्यायची मुभा असलेली. गेलो, एकाचा घोटा धरला, आणि काही वर्षांत भारताची जर्सी अंगावर आली. रग्बी म्हणजे काय, हे आईला मरेपर्यंत कळलं नाही. ती गावात सांगायची, पोरगा सरकारी कामानं परदेशात जातो आणि मार खाऊन येतो.

त्या कारकिर्दीतली एकच गोष्ट मी लोकांना सांगतो, पण हजार वेळा सांगितली असेल. समोरच्या संघात एक राक्षस होता. त्याच्या सावलीत आमचा अर्धा संघ पाणी पीत होता. महाडात सांगतो तेव्हा तो कझाकस्तानचा असतो, पोलादपुरात न्यूझीलंडचा, आणि हिरकणीवाडीत रायगडच्या रोपवेला आलेल्या पाहुण्यांपुढं पिठलंभाकरी खाताना एकदा मी त्याला दोन देशांचा नागरिक केला होता. तर तो राक्षस चेंडू घेऊन धावत आला, मी घोटा धरला, आणि तो असा कोसळला की पलीकडच्या गल्लीत घरांच्या काचा वाजल्या. मीही पडलो. पण उठलो, आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत खेळलो.

यातलं खरं एवढंच, की मी पडलो आणि उठलो. राक्षसाचा गुडघा माझ्या कानशिलावर बसला आणि ती दुपार माझ्या आठवणीतून गेली ती गेलीच. तो पडला की नाही हे मी कधी कुणाला विचारलं नाही. उठलो तोही कडेवरून आमचा कोच ओरडला म्हणून, असं सोबतचे सांगतात. परतताना बसमध्ये आपण जिंकलो का, असं मी तीनदा विचारलं म्हणे. तेव्हापासून डाव्या हाताची दोन बोटं बधिर आहेत. शर्टाची बटणं बायको लावते. लोकांना सांगतो, फुरसं चावलं.

या खेळात माणूस आडवा करायची रीत पहिल्याच दिवशी शिकवतात. डोकं त्याच्या मागच्या बाजूला, गाल त्याच्या कुल्ल्याला, आणि मिठी मारायची. आम्हा खाचरातल्या लोकांचं डोकं मात्र पुढं जातं, त्याच्या पायांच्या वाटेवर. कबड्डीत ते चालतं. चढाईवाला एका जागी नाचत असतो. रग्बीतला माणूस आंबेनळी घाटात ब्रेक फेल झालेल्या एस.टी.सारखा अंगावर येतो, आणि त्याच्या गुडघ्यापुढं तुमचं डोकं. हे मला ठाऊक होतं. माझ्या दोन बोटांना तर फारच ठाऊक होतं. पण घोट्याची पकड दिसायला अशी देखणी, की प्रेक्षक उभे राहतात. महाडला घर करून मी पोरींचा संघ बांधला तेव्हा पहिल्याच दिवशी तीच शिकवली. आमची ओळख म्हणूनच ती. घाटावरचे संघ म्हणत, महाडवाल्या आल्या, पाय सांभाळा.

या पोरींतली ती. त्याच दोस्ताची मुलगी, वय तेवीस. बिरवाडीला खोली घेऊन तिघी मैत्रिणींबरोबर राहायची आणि एका कंपनीत पॅकिंगला जायची. पहिली शिफ्ट संपली की थेट मैदानात, केसांना खोके चिकटवायच्या टेपचा तुकडा लागलेला तसाच. दोस्तानं स्वतः आणून सोडली होती तिला.

"मास्तर, घे हिला तुझ्यात. काल खाचरात माझाच घोटा धरलान. लंगडतोय बघ."

"हिला भारताची जर्सी घालतो मी."

"थापा मारू नको."

"लिहून देतो."

"तुझ्या लिहिण्याचं काय घेऊन बसलास? पोरगी नीट परत दे म्हंजे झालं."

तर ती उठली, इथवर आलो होतो. पुढं तीनचार मिनिटं ती धावली. उजवा हात छातीशी धरून धावत होती, तेही मला दिसलं. मग समोरची एक दांडगी मुलगी चेंडू घेऊन कडेनं सुटली आणि हिनं झेप घेतली. जमिनीलगत, डोकं पुढं, अगदी मी शिकवली तशी. जो आवाज आला, तो मी अजून कुठल्याच गोष्टीत घातलेला नाही. दांडगी पडली. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मी पोचलो तेव्हा ती उताणी होती, डोळे उघडे.

"सर," ती म्हणाली, "हात माझा नाय वाटत."

दवाखान्यात तिच्या मानेभोवती पट्टा बांधला, एक्स-रे काढला. डॉक्टर तरुण होते. तिच्या स्ट्रेचरपाशीच उभे राहून त्यांनी माझ्याकडून सगळं नीट विचारून घेतलं. पहिल्यांदा पडली ते, मग उठली ते, मग पुन्हा पडली ते.

"पहिल्यांदा पडली तेव्हाच तिला हलवायला नको होतं," ते म्हणाले. "तेव्हा मणका नुसता तडकला असणार. दुसऱ्या मारानं सरकला. उठवलं कोणी हिला?"

मी आयुष्यात हजारो थापा मारल्या. एकीचाही विचार करावा लागला नाही. हीसुद्धा तशीच आली, आपल्या पायांनी चालत.

"स्वतःच उठली हो, डॉक्टर. वाघीण आहे आमची. मी नको नको म्हणत होतो."

ती छताकडं बघत होती.

मुंबईला नेली. मानेत पट्टी आणि स्क्रू बसले. पायांना काही झालं नाही, हे नशीब म्हणायचं. पण उजव्या हाताची मूठ वळेना. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात जेवढं येईल तेवढं तुमचं. मानेला पट्टा असतानाच एक दिवस शिबिराची यादी आली. तिचं नाव यादीत होतं.

इकडं माझी थाप महाडभर फिरत होती आणि मी तिला चारा घालत होतो. मैदानात माझी ओरड सगळ्यांनी ऐकली होती, पण मी रोजच ओरडतो, त्यात 'उठ' कुठलं आणि 'नको' कुठलं ते कोण लक्षात ठेवतो. तीनचार मिनिटांची आधी दहा झाली, मग पूर्ण अर्धा डाव. लोकांनी हौसेनं सत्कार ठरवला. माईकवरून मी तो प्रसंग असा रंगवला की बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मग तिला शाल घातली, नारळ दिला. तिनं सवयीनं उजवा हात पुढं केला. नारळ निसटला आणि गडगडत खुर्च्यांखाली गेला. लोक टाळ्या वाजवतच होते. मीही.

कंपनीनं दोन महिने वाट बघितली. टेप ओढायला दोन हात लागतात. तिनं खोली सोडली आणि गावी गेली.

मी बरेच दिवस गेलो नाही. गेलो तेव्हा वाटेवरच दोस्ताचा आवाज ऐकू आला. आवाजात तो माझ्या तोडीचा. ती डाव्या हातानं कोयता धरून गवत कापायचा प्रयत्न करत होती आणि तो अंगणातून तिच्यावर ओरडत होता.

"तुला कोनी सांगितलेलं उठायला? आँ? पडलीस तर पडून राहायचं व्हतं! मास्तर नको नको म्हनत व्हता, त्याचं ऐकायचं नाय? वाघीण म्हनं! आता बस जन्मभर एका हातानं!"

ती कोयता आपटत राहिली. मला बघून दोस्तानं पाण्याचा तांब्या आणला.

"बग रे मास्तर. रोज ह्योच इषय हाय घरात. समजाव हिला, तुझंच ऐकते ती."

मी तांब्या तसाच ठेवला. म्हटलं, "नको म्हणालो नव्हतो मी. उठ म्हणून ओरडलो होतो. निवडवाले बघत होते म्हणून. दवाखान्यात खोटं बोललो."

तो एक पाऊल पुढं आला. मला वाटलं, आता घोटा धरील. मी धरू दिला असता.

मग तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला असावा.

"तू सुधारनार नाय. पोरीला बोल लागतो म्हनून आपल्या अंगावर घेतोस व्हय? मोठा मनाचा हायस, पन मला नको शिकवू. तुझ्या थापा मी खाचरापासून वळखतो."

"अरे खरं सांगतोय!"

"न्यूझीलंडवाला खरा, तसंच ना?"

शपथ घेतली. त्यानं ती हसण्यावारी नेली, कारण माझ्या शपथाही त्याच्या ओळखीच्या होत्या. चुलीवर चहा ठेवायला तो आत गेला, आणि जाता जाता तिच्याकडं वळून म्हणाला, "बग, ह्यो तुझ्यापायी खोटं बोलतोय, आन् तू अशी."

चहा घेऊन निघालो. ती एस.टी.च्या थांब्यापर्यंत सोडायला आली. उतारावर उजवा हात तिनं ओढणीत अडकवून ठेवला होता. इतकी वाट एक शब्द न बोलता मी जन्मात चाललो नव्हतो. थांब्यावर शेवटी विचारलं.

"दवाखान्यात तू जागी होतीस. डॉक्टरांनी विचारलं, उठवलं कोणी. तू बोलली का नाहीस गो?"

वळणावर एस.टी. दिसली. तिनं डावा हात वर करून ती थांबवली.

"विचारलं तुम्हाला होतं, सर," ती म्हणाली.